पंच्याहत्तर टक्के

न्यूयॉर्क शहरापासून मोटारीने चार-साडेचार तासांवर कूपरस्टाउन नावाचे एक गाव आहे. वस्ती दोन हजारांच्या आत. एका बाजूला लांबट तळे, मध्ये एक मुख्य रस्ता आणि त्या रस्त्यावर विटांची एक इमारत. बेसबॉलचे हे कीर्तिमंदिर. तिकडे त्याला ‘हॉल ऑफ फेम’ म्हणतात. २०१९च्या जूनमध्ये माझी पुतणी आणि तिचा नवरा मला नायगारा दाखवायला निघाले होते. जावई बेसबॉलचा भक्त. त्याने वाट थोडी वाकडी केली आणि ‘काका, फक्त दोन तास द्या,’ म्हणत मला तिथे नेले.

दोन तासांचे पाच तास झाले आणि त्याला कारण मीच होतो.

आत एक लांब दालन आहे. भिंतींवर कांस्याचे फलक, सगळे एकाच मापाचे. प्रत्येकावर एक चेहरा, खाली नाव आणि थोडक्या ओळींत त्या माणसाची कारकीर्द. थोर आणि अतिथोर असा भेद तिथे नाही. आज असे साडेतीनशेच्या आसपास फलक आहेत. जावई एकेका फलकापुढे थांबून सांगत होता, ‘हा बरोबर आहे. हा कसा आला कुणास ठाऊक. आणि याच्यापेक्षा तो अमका कितीतरी सरस, पण त्याला घेतलेला नाही.’ शेजारी उभे असलेले एक वयस्कर अमेरिकन गृहस्थ मध्येच काही बोलले आणि दोघांची जुंपली. ओळख ना पाळख, पण अर्धा तास वाद चालला. खेळ मला अनोळखी होता, भांडण मात्र ओळखीचे होते. लालबागच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत ‘गावसकर की विश्वनाथ’ यावरून रात्रीची जेवणे थंड झालेली मी पाहिली आहेत.

मी क्रीडासमीक्षक नाही. तीस वर्षे एका सहकारी बँकेत हिशेब तपासले. रकान्यांची बेरीज जुळते का हे पाहणे हा माझा पेशा. छंद जुन्या क्रिकेट सामन्यांचे धावफलक गोळा करण्याचा. तो लागला आमच्या अण्णाकाकांमुळे. अण्णाकाका परळच्या एका गिरणीत साचेवाले होते आणि गिरणीच्या संघाकडून गोलंदाजी करत. एका सामन्यात आपण आठ बळी घेतले होते, असे ते सांगत. घरात कुणी ते फारसे मनावर घेत नसे. मी विशीत असताना ठरवले की हा धावफलक शोधून काढायचा आणि ग्रंथालयात बसून जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली चाळू लागलो. त्या शोधाचे काय झाले ते शेवटी सांगतो. कूपरस्टाउनहून परतल्यावर सहा वर्षे मी बेसबॉलच्या या वादाविषयी जे मिळेल ते वाचले, त्याचे मूळ त्या फायलींत आहे एवढेच येथे नमूद करतो.

दोन दारे

आधी या संस्थेचा जन्म पाहू, कारण तोच एका चुकीच्या नोंदीतून झाला आहे. १९०७ साली एका समितीने असा निष्कर्ष जाहीर केला की, अब्नर डबलडे नावाच्या माणसाने १८३९ मध्ये कूपरस्टाउनला बेसबॉलचा शोध लावला. प्रत्यक्षात त्या वर्षी डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होते आणि बेसबॉल कुणा एकाने शोधलेला खेळच नाही. पण दंतकथा गावाच्या कामी आली. आपल्याकडे घरोघरी असलेल्या सिंगर शिलाई मशीनच्या कंपनीतून ज्यांच्या घराण्याची संपत्ती आली, ते स्टीफन क्लार्क या गावचे. महामंदीने गांजलेल्या गावात लोक यावेत म्हणून त्यांनी ही संस्था उभी केली. पहिली निवड १९३६ मध्ये झाली, दारे १९३९ मध्ये उघडली.

आत जाण्याची वाट बेसबॉल वार्ताहरांच्या संघटनेतून जाते. संघटनेत दहा वर्षे काढलेले वार्ताहर मत देतात. खेळाडू किमान दहा हंगाम खेळलेला आणि निवृत्त होऊन पाच वर्षे झालेला हवा. मतदाराने जास्तीत जास्त दहा नावांवर खूण करायची. ज्याला ७५ टक्के मते पडली तो आत. पाच टक्क्यांपेक्षा कमी पडली तर नाव यादीतून कायमचे जाते. मधल्यांना पुन्हा पुन्हा संधी मिळते. पूर्वी ती पंधरा वर्षे होती, २०१४ मध्ये दहावर आणली.

बहुतेक निवडणुका निम्म्याहून एक मत जास्त पडले की जिंकता येतात. इथे चौघांपैकी तिघांना पटवावे लागते. पहिल्या वर्षी टाय कॉब यांना २२६ पैकी २२२ मते पडली. म्हणजे चार जणांना ते पटले नव्हते. बेब रूथ म्हणजे या खेळातले सर्वांत मोठे नाव. त्यांना अकरा जणांनी वगळले होते. जो डिमॅजिओ १९५३ मध्ये अडले आणि १९५५ मध्ये आत गेले. एकमताने निवडून आलेला पहिला खेळाडू मिळायला २०१९ साल उजाडले: न्यूयॉर्क यांकीजचा मारियानो रिव्हेरा, ४२५ पैकी ४२५. २०२५ मध्ये जपानचा इचिरो सुझुकी ३९४ पैकी ३९३ मतांवर थांबला. ते एक मत कुणाचे, यावर अमेरिकेत महिनाभर चर्चा झाली.

वार्ताहरांच्या दाराने जे आत जाऊ शकले नाहीत, त्यांच्यासाठी मागचे दार आहे. जुने खेळाडू, संघचालक आणि इतिहासकार यांची सोळा जणांची समिती काही वर्षांच्या अंतराने आठ नावे विचारात घेते. इथेही ७५ टक्केच हवेत, म्हणजे सोळापैकी बारा. समित्यांची रचना वेळोवेळी बदलली, पण वशिला लागायचा तो याच दाराने. १९७०च्या सुमारास फ्रँकी फ्रिश आणि बिल टेरी या दोन जुन्या खेळाडूंचे समितीत वजन होते. त्या काळात त्यांच्याबरोबर खेळलेले बरेच जण आत आले. त्यांतल्या काहींची कामगिरी पाहून अभ्यासक अजूनही कपाळाला हात लावतात. २०१८ मध्ये हॅरॉल्ड बेन्स निवडले गेले. वार्ताहरांनी त्यांना कधी सात टक्केही मते दिली नव्हती. समितीच्या सोळा जणांत त्यांचे एक माजी प्रशिक्षक होते आणि एक माजी मालकही.

एकदा असा एक जण आत आला की वादाला नवे मोजमाप मिळते. ‘तो आहे, मग हा का नाही?’ हा प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो. पण त्याने फक्त उंबरठा खाली खाली जातो.

रात्रपाळीचा रखवालदार

मग मोजायचे कशाने? येथे एका माणसाची ओळख करून द्यायला हवी. कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी डबाबंद अन्नाचा कारखाना होता. तिथे बिल जेम्स नावाचा माणूस रात्री पहारा करायचा आणि पहारा करता करता बेसबॉलचे आकडे तपासायचा. १९७७ मध्ये त्याने आपली निरीक्षणे स्वतःच छापून विकायला काढली. आज या खेळाचा अभ्यास ज्या पद्धतीने होतो त्यावर या रखवालदाराची छाप आहे. १९९४ मध्ये त्याने हॉल ऑफ फेमच्या निवडींवरच एक अख्खे पुस्तक लिहिले.

जेम्स आणि त्याच्या मागून आलेल्यांचा मुद्दा साधा होता. आपण जे आकडे वर्षानुवर्षे मोजत आलो, ते खरोखर त्या खेळाडूचे आहेत का? बेसबॉलमध्ये पिचर म्हणजे ढोबळमानाने आपला गोलंदाज. सामना जिंकला की ‘विजय’ एका पिचरच्या नावावर लिहितात. शतकभर पिचरची थोरवी या विजयांवर ठरली आणि ३०० विजय हा अलिखित उंबरठा झाला. पण पिचरने कितीही उत्तम चेंडू टाकले तरी त्याच्या संघाने धावाच काढल्या नाहीत तर विजय कुठून येणार? बँकेत एखाद्या शाखेची थकबाकी वसुली कारकुनाच्या नावावर मांडावी, तसेच हे.

बर्ट ब्लायलेव्हन याचे ठळक उदाहरण. जन्म हॉलंडमधला, खेळला अमेरिकेत. निवृत्त झाला तेव्हा २८७ विजय, म्हणजे ३०० ला तेरा कमी. पण बॅटरला चेंडूच लागू न देता बाद करण्याची, म्हणजे स्ट्राइकआउटची, संख्या ३,७०१. निवृत्तीच्या वेळी सर्वकालीन यादीत तिसरा. प्रतिपक्षाला एकही धाव न देता पूर्ण केलेले सामने ६०. यादीत आल्यावर १९९८ मध्ये त्याला १७.५ टक्के मते मिळाली, पुढच्या वर्षी १४.१. मग कॅलिफोर्नियातल्या एका गुंतवणूक सल्लागाराने फावल्या वेळात या माणसाच्या बाजूने आकडे मांडायला सुरुवात केली. वर्षानुवर्षे, वार्ताहरांना एकेकाला गाठून. चौदाव्या वर्षी, २०११ मध्ये, ब्लायलेव्हनला ७९.७ टक्के मते पडली. मधल्या काळात त्याने एकही चेंडू टाकला नव्हता. बदलली होती ती आपली पाहण्याची रीत.

आता एक हिशेब सर्वत्र वापरतात; त्याला ‘वॉर’ म्हणतात. कल्पना अशी: हा खेळाडू नसता आणि त्याच्या जागी सहज मिळू शकणारा एखादा राखीव खेळाडू उतरवला असता, तर संघाचे किती विजय कमी झाले असते? फलंदाजी, क्षेत्ररक्षण, धावणे, मैदानाचा आकार, त्या काळातली सरासरी, सगळे त्यात धरतात. जे जाफी या अभ्यासकाने त्यावर आणखी एक मोजमाप बसवले: कारकिर्दीचा एकूण आकडा आणि सर्वोत्तम सात हंगामांचा आकडा यांची सरासरी. वीस वर्षे बरे खेळणारा मोठा की सात वर्षे अजोड खेळणारा, या जुन्या भांडणावरचा हा तोडगा. मला तो आवडतो, कारण तो कुणाचेच म्हणणे पूर्ण फेटाळत नाही.

पण तीस वर्षांच्या नोकरीने मला एक शिकवले आहे. हिशेब कितीही चोख असला तरी वहीत जे लिहिलेच नाही ते तो दाखवू शकत नाही.

चारित्र्याचे कलम

मतदारांना दिलेल्या नियमांत एक कलम असे आहे की खेळाडूची कामगिरी आणि कौशल्य यांच्याबरोबर सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्यही पाहावे. ऐकायला कुणाला पटणार नाही? पण हे कलम कुणावर चालले आणि कुणावर चालले नाही, याचा इतिहास वाचला की मान खाली जाते.

एकोणिसाव्या शतकातला मोठा खेळाडू कॅप अॅन्सन याने कृष्णवर्णीय खेळाडूंविरुद्ध मैदानात उतरायला उघड नकार दिला होता. तो १९३९ पासून आत आहे. न्यायाधीश केनेसॉ लँडिस १९२० पासून १९४४ मध्ये मरेपर्यंत बेसबॉलचे आयुक्त होते. त्या चोवीस वर्षांत प्रमुख लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळला नाही. तेही आत आहेत.

आता डिक अॅलन पाहा. १९६३ मध्ये त्याला आर्कान्सातल्या लिटल रॉकला पाठवले. त्या संघातला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. पुढे फिलाडेल्फियात स्वतःच्याच मैदानावर प्रेक्षक त्याच्यावर वस्तू फेकत, म्हणून तो क्षेत्ररक्षण करतानाही हेल्मेट घालू लागला. तो फटकळ होता, सरावाला उशिरा यायचा, वार्ताहरांशी त्याचे पटत नसे. त्याला ‘रिची’ म्हटलेले आवडत नसे. तो डिक म्हणा म्हणायचा, आणि ते रिचीच लिहीत. ३५१ होम रन, १९७२ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू. तरीही याच वार्ताहरांनी त्याला कधी वीस टक्केही मते दिली नाहीत. मग मागचे दार. २०१४ मध्ये समितीत सोळापैकी अकरा मते, म्हणजे एक कमी. पुढची बैठक २०२०च्या डिसेंबरमध्ये ठरली होती, ती महासाथीमुळे वर्षभर पुढे गेली, आणि ७ डिसेंबर २०२० रोजी अॅलन वारला. २०२१ मध्ये बैठक झाली, पुन्हा अकरा. २०२४च्या डिसेंबरमध्ये तेरा मते पडली आणि २०२५च्या जुलैत फलक लागला. पत्नीने भाषण केले. त्याच समारंभात डेव्ह पार्करचाही फलक लागला. पार्करला निवड झाल्याचे कळले होते, पण समारंभाच्या महिनाभर आधी तोही गेला.

शिकागोच्या रॉन सँटोचेही तसेच. मधुमेह सांभाळत खेळला, १५ वर्षे वार्ताहरांच्या यादीत तिष्ठला, डिसेंबर २०१० मध्ये वारला आणि एका वर्षाने निवडला गेला. मरणोत्तर सन्मान आपल्यालाही नवा नाही. पण तिष्ठत ठेवलेला माणूस मेल्याबरोबर त्याचे आकडे वाढत नाहीत, हे कुणीतरी विचारायला हवे.

चारित्र्याच्या कलमावरचा आजचा मोठा वाद मात्र बॅरी बाँड्स आणि रॉजर क्लेमेन्स यांचा आहे. बाँड्सचे ७६२ होम रन, सर्वोत्तम खेळाडूचा मान सात वेळा, दोन्ही विक्रम. क्लेमेन्सचे ३५४ विजय, सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार सात वेळा. दोघांवर उत्तेजके घेतल्याचे आरोप झाले, दोघांनी ते नाकारले. २०१३ मध्ये बाँड्सला ३६.२ टक्के मते होती; २०२२ मध्ये, दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, ६६. पुढच्या डिसेंबरात समितीनेही दोघांना दूर ठेवले. २०१३ साली तर वार्ताहरांनी कुणालाच निवडले नाही; त्या जुलैत ज्या तिघांचे फलक लागले ते सगळे १९३०च्या दशकात वारलेले होते.

मला वाटते बाँड्स आत हवा आणि त्याच्या फलकावर आरोपाचीही एक ओळ हवी. माझे कारण असे: चाचणी आणि शिक्षा ही व्यवस्था बेसबॉलमध्ये २००४ पासून खऱ्या अर्थाने आली. त्याआधी स्टेडियम भरत होती म्हणून सगळ्यांनी डोळेझाक केली. त्या काळचे आयुक्त बड सेलिग २०१७ पासून आत आहेत. दुकान चालवणारा आत आणि गिऱ्हाईक बाहेर, हा कुठला न्याय?

जावयाला हे मान्य नाही. तो फ्रेड मॅकग्रिफचे नाव घेतो. ४९३ होम रन, अंगावर कसला डाग नाही. पण आजूबाजूचे आकडे इतके फुगले की त्याचे आकडे लहान दिसू लागले. वार्ताहरांच्या यादीत तो चाळीस टक्क्यांपर्यंतही पोचला नाही. २०२२ मध्ये समितीने त्याला सोळापैकी सोळा मतांनी घेतले, पण मधली बरीच वर्षे गेलीच. ‘काका, ज्यांनी काही घेतलं नाही त्यांचं काय?’ या प्रश्नाला माझ्याकडे पुरते उत्तर नाही.

पीट रोझचे प्रकरण वेगळे. ४,२५६ हिट, इतके फटके दुसऱ्या कुणी मारलेले नाहीत. पण संघाचा व्यवस्थापक असताना स्वतःच्या संघाच्या सामन्यांवर पैसे लावले. सट्ट्याबद्दलचा नियम जुना, खेळाडूंच्या खोलीत भिंतीवर लावलेला. तो त्याला ठाऊक नव्हता असे म्हणता येत नाही. १९८९ मध्ये त्याला कायमचे बाहेर काढले. कबुली द्यायला त्याने पंधरा वर्षे घेतली. सप्टेंबर २०२४ मध्ये तो वारला. मे २०२५ मध्ये आयुक्तांनी ठरवले की ‘कायमची’ बंदी माणसाच्या मृत्यूबरोबर संपते. त्यामुळे रोझ आणि १९१९च्या सामना-निश्चिती प्रकरणातला जो जॅक्सन, दोघांचीही नावे आता समितीपुढे येऊ शकतात. रोझला मी मत दिले नसते. जॅक्सनच्या बाबतीत मात्र शंभर वर्षांची शिक्षा पुरे झाली असे वाटते.

ज्यांची वहीच नव्हती

इथवर आलेली जवळजवळ सगळी नावे अशी आहेत की त्यांच्याबद्दल भांडता येते. बाँड्सचे होम रन ७६२ आहेत यावर त्याचे शत्रू आणि मित्र एकमत आहेत. प्रत्येक चेंडूची नोंद आहे. आता ज्यांची नोंदच नाही त्यांच्याकडे वळू.

१८८०च्या दशकाच्या अखेरीपासून १९४७ पर्यंत कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रमुख लीगमध्ये जागा नव्हती. त्यांनी स्वतःच्या लीग उभ्या केल्या. त्या ‘नीग्रो लीग’ नावाने ओळखल्या जातात. मोठी वर्तमानपत्रे त्यांचे सामने छापत नसत. ‘शिकागो डिफेंडर’, ‘पिट्सबर्ग कुरियर’ अशी कृष्णवर्णीयांची साप्ताहिके छापत, पण साप्ताहिकात जागा किती? काही सामन्यांचा पूर्ण धावफलक येई, काहींचा नुसता निकाल, काहींचे तेवढेही नाही.

मराठी वाचकाला येथे पळवणकर बाळू आठवतील. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या या गोलंदाजाला जातीमुळे हिंदू संघाचे कर्णधारपद दिले गेले नाही. पण त्यांचे बळी निदान धावफलकात नोंदले गेले. जॉश गिब्सनच्या वाट्याला तेही पुरते आले नाही.

गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये ३५व्या वर्षी वारला. तीनच महिन्यांनी जॅकी रॉबिन्सनने वर्णभेदाची भिंत ओलांडली. १९६६ मध्ये गोरा खेळाडू टेड विल्यम्स हॉल ऑफ फेममध्ये आला तेव्हा त्याने आपल्या सत्काराच्या भाषणातच सांगितले की गिब्सन आणि सॅचेल पेज यांच्यासारख्यांना संधी मिळाली नाही म्हणून ते इथे नाहीत, त्यांना इथे आणायला हवे. १९७१ मध्ये पेजची निवड झाली. आधी त्याच्यासाठी वेगळे दालन करण्याचा विचार होता. म्हणजे देवळात प्रवेश, पण वेगळ्या दाराने! ओरड झाल्यावर तो बेत सोडला आणि फलक बाकीच्यांच्या शेजारी लागला. पुढच्या वर्षी गिब्सन आला. त्याच्या फलकावर ‘जवळजवळ ८०० होम रन’ असे लिहिले आहे. लीगच्या आजवर सापडलेल्या सामन्यांत ते दोनशेच्याही आत भरतात. उरलेले गावोगावच्या प्रदर्शनी सामन्यांतले, ऐकीव, किंवा हरवलेले. ‘जवळजवळ’ हा शब्द त्या दालनात मला तिथेच भेटला आणि मी तिथेच थबकलो.

२००० नंतर बेसबॉल संघटनेच्या अडीच लाख डॉलरांच्या अनुदानातून इतिहासकारांच्या एका गटाने सूक्ष्मचित्रफितींवरून एकेक सामना गोळा केला. त्या कामाच्या आधारे २००६ मध्ये बारा अभ्यासकांच्या समितीने सतरा जणांना निवडले. सगळे दिवंगत. त्यांत एफा मॅन्ली ही संघाची मालकीण होती. हॉल ऑफ फेममधली ती पहिली आणि आजवरची एकमेव स्त्री. समितीपुढच्या नावांत जिवंत असे दोघेच होते, त्यांतले एक बक ओनील, वय ९४. कॅन्सस सिटी मोनार्क्सचे खेळाडू, व्यवस्थापक, पुढे प्रमुख लीगमधले पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक. या लीगची आठवण जिवंत ठेवायला आयुष्यभर फिरलेला माणूस. त्यांची निवड झाली नाही. तरीही जुलैत ते कूपरस्टाउनला गेले, निवडल्या गेलेल्या सतरा मृतांच्या वतीने बोलले आणि जमलेल्या सगळ्यांना एकमेकांचे हात धरून गायला लावले. ऑक्टोबरमध्ये ते गेले. फलक लागला २०२२ मध्ये.

त्याच वर्षी बड फाउलर यांचाही फलक लागला. १८७८ मध्ये खेळायला लागलेले हे पहिले कृष्णवर्णीय व्यावसायिक खेळाडू. ते लहानाचे मोठे झाले ते गाव म्हणजे कूपरस्टाउनच. गावच्या मुलाला गावच्या देवळात यायला मृत्यूनंतर १०९ वर्षे लागली.

२०२० मध्ये संघटनेने १९२० ते १९४८ मधल्या अशा सात लीगना प्रमुख लीगचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत पुस्तकात मिळवले. हजार वेळा बॅट घेऊन उभे राहिल्यावर किती वेळा हिट, हे फलंदाजाचे जुने मोजमाप. टाय कॉबचा ३६७चा विक्रम पिढ्यानपिढ्या शाळकरी मुलांना पाठ होता. आता पहिले नाव जॉश गिब्सन, ३७२. यातले बरेच मूळ काम पगारी संशोधकांनी नव्हे, तर सुट्टीच्या दिवशी फायली चाळणाऱ्या हौशी माणसांनी केले आहे.

डोनाल्डसनचे आठ

अशाच हौशी माणसांचा एक गट मिनेसोटात एका पिचरच्या मागे लागला आहे. जॉन डोनाल्डसन, जन्म १८९१, मिसूरीतल्या ग्लासगो गावचा. त्याची उमेदीची वर्षे लीग सुरू होण्याआधीची. त्यामुळे तो गावोगाव फिरून खेळला, बऱ्याचदा संघातला एकटा कृष्णवर्णीय. कोणत्याही लीगच्या पुस्तकात त्याचे खरे काम नाही. ते खेड्यापाड्यांतल्या चार पानी वर्तमानपत्रांत विखुरले आहे. या माणसांनी अशी शेकडो गावे धुंडाळली आणि सामन्यागणिक बेरीज केली: आजवर ४०० हून अधिक विजय आणि ५,००० हून अधिक स्ट्राइकआउट. डोनाल्डसन १९७० मध्ये वारला तेव्हा त्याच्या कबरीवर दगडही नव्हता.

२०२१ मध्ये त्याचे नाव प्रथम या नव्या बेरजेनिशी समितीपुढे आले. सोळापैकी आठ मते पडली. २०२४ मध्ये पुन्हा आले, पाचही नाहीत. मी तो हिशेब मांडून पाहिला. प्रत्येक सदस्याला आठ नावांतून तीनच निवडता येतात, म्हणजे एकूण मते ४८. पार्करला १४, अॅलनला १३, टॉमी जॉनला ७ गेली. उरलेल्या पाच जणांत जास्तीत जास्त १४ वाटायची. म्हणजे एकावर दीर्घकाळ झालेला अन्याय दूर करायचा, तर त्याच कागदावर दुसऱ्याचे नाव मागे पडते. समितीतले कुणी वाईट नव्हते, नियमच तसा आहे. आणि अशा अटीतटीत ज्याचे आकडे छापील पुस्तकात आहेत त्याच्यावर खूण करणे सोपे जाते. ज्याचे आकडे कात्रणांच्या खोक्यात आहेत त्याला ‘पुढच्या वेळी पाहू’.

म्हणून ‘कोण पात्र?’ या वादात माझे मत विचाराल तर बाँड्स आणि रोझ माझ्या यादीत वर नाहीत. ते आत आले नाहीत तरी त्यांचे काही हरवणार नाही. त्यांचा प्रत्येक फटका लिहिलेला आहे. ज्याच्याबद्दल भांडण होते तो एका अर्थी भाग्यवान, त्याची वही कुणीतरी ठेवली होती. माझे पहिले मत डोनाल्डसनला. पुढची बैठक २०२७च्या डिसेंबरमध्ये आहे. तोवर मिनेसोटातल्या त्या माणसांना आणखी काही सामने सापडलेले असतील.

आता अण्णाकाका. दोन वर्षे फायली चाळल्यावर मला तो सामना सापडला. तारीख जुळली, गिरण्यांची नावे जुळली. बातमी दोन ओळींची होती: या गिरणीने त्या गिरणीला इतक्या धावांनी हरवले. प्रतिपक्षाचा डाव फार थोडक्यात आटोपला होता, म्हणजे कुणीतरी भेदक गोलंदाजी केली होती हे नक्की. कुणी, ते छापलेले नव्हते.

मी ते हाताने उतरवून घेतले आणि घरी जाऊन त्यांना दाखवले. चष्मा लावून त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या.

‘नाव नाही रे.’

‘नाही, अण्णाकाका.’

त्यांनी कागदाची घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. ‘असू दे,’ म्हणाले. ‘सामना झाला होता, एवढं तरी आता घरच्यांना पटेल.’